पालीच्या काळ्या पाषाणाखाली

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरा धरणाजवळ पाली गाव येतं. या भागात कुठं विहिरीचं काम चालू असेल, तर काठावर उभं राहून जरूर पाहावं. वर काळी माती, मग मुरूम, मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मध्येच पांढऱ्या स्फटिकांनी पोकळ्या भरलेला मांजऱ्या, कुठं तांबडा पट्टा, आणि खाली पुन्हा पाषाणच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले हे लाव्हाचे लोट. तांबडा पट्टा ही दोन लोटांमधल्या काळात खडक झिजून झालेली माती; पुढच्या लोटाखाली ती भाजून निघाली.

या लाव्हानं महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग झाकला. पूर्व विदर्भात हे पांघरूण संपतं आणि जुने खडक उघडे पडतात. म्हणून भंडाऱ्यात अतिप्राचीन समुद्रतळाशी साचलेलं मँगनीज सापडतं, तर चंद्रपुरात खचत्या दरीत गाडल्या गेलेल्या गोंडवना काळातल्या वनस्पतींचा कोळसा.

मराठवाड्याच्या जमिनीत काहीच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. आपल्या काळ्या पाषाणात वजनानं दहा टक्क्यांच्या आसपास लोह असतं! पण ते इतर द्रव्यांशी इतकं घट्ट बांधलेलं असतं, की वेगळं काढणं परवडत नाही. हेमॅटाइट या लोहखनिजाच्या चांगल्या साठ्यात हेच प्रमाण साठ टक्क्यांवर जातं. धातू थोडाथोडा सगळीकडेच असतो. खाण तिथंच होते, जिथं निसर्गानं तो एका जागी गोळा केला.

ते गोळा होणं कोल्हापूरच्या पठारांवर दिसतं. खडक तोच, बीडचाच. पण सह्याद्रीच्या माथ्यावर लाखो वर्षं धो धो पाऊस पडला, त्यानं खडकातली सिलिका धुऊन नेली, ॲल्युमिनियम मागं उरलं आणि बॉक्साइट तयार झालं. बीड पडलं पर्जन्यछायेत. इथं त्याच खडकाची कापूस पिकवणारी काळी माती झाली. ऊसतोडीला बीडहून कोल्हापूरकडे जाणारी माणसं एका पाषाणावरून त्याच पाषाणावर जातात. मधे बदलतो तो पाऊस.

आणि पाषाणाच्या खाली? १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटरपर्यंत हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्टच होता. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अब्जावधी वर्षं जुना नाइस खडक लागला. एवढी जाडी फोडायची, तर तो खर्च भरून काढणारा साठा खाली असायला हवा, आणि वरून त्याची काहीच खूण दिसत नाही.