अभिप्रायाच्या वहीत काय लिहिलेले असते?

पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. पहाटे चारच्या सुमारास दार वाजले. बाहेर जीप उभी होती आणि मागच्या सीटवर सत्तरीच्या एक आजी आडव्या निजवलेल्या होत्या. मुलगा, सून आणि झोपेतून उठवलेली दोन नातवंडे बरोबर होती. दोन दिवस मजेत घालवावेत म्हणून हे कुटुंब शहरातून भाटघरच्या पाण्याकाठच्या एका छोट्या रिसॉर्टवर आले होते. आजी रात्री लघवीला उठल्या. लाईट गेलेली, न्हाणीघरातली गुळगुळीत फरशी ओली, धरायला काही नाही. त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत.

उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला. पाहताक्षणीच कळले, खुब्याचे हाड मोडले आहे. वेदनाशामक दिले, पाय हलणार नाही असा बांधला आणि त्यांना पुण्याला पाठवले. तिथे शस्त्रक्रिया झाली. आज त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. पण गावाला, देवाला, लग्नाला आता जात नाहीत. भीती बसली ती बसलीच.

पडल्या रात्री दीडच्या सुमारास आणि माझ्या दारात पोहोचल्या चारला. मधले अडीच तास कशात गेले? जनरेटर सुरू करणारा माणूस गावात झोपला होता. फाटकापुढे दुसऱ्या पाहुण्यांची गाडी आडवी लावलेली होती. जवळचा डॉक्टर कुठे, रुग्णवाहिकेला फोन कसा करायचा, हे तिथल्या पोराला ठाऊक नव्हते, आणि फोनला रेंजही नव्हती.

आठवड्याने त्या रिसॉर्टचे मालक माझ्याकडे आले. रिसॉर्ट म्हणायचे एवढेच. वडिलोपार्जित जमीन न विकता, बँकेचे कर्ज काढून त्यांनी सहा खोल्या, पोहण्याचा लहान तलाव आणि मुलांसाठी दोरीचे झोपाळे केले आहेत. त्यांच्या वडिलांनाही मीच औषध देत असे. त्यांनी एक वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही पाव्हण्यांची अभिप्रायाची वही. आजवर कुणी वाईट लिहिलं नाही. मग माझ्या हातून चुकलं काय?"

मी ती वही ठेवून घेतली आणि रात्री पानापानाने वाचली.

वहीतल्या मागण्या

वरवर पाहिले तर मागण्या नेहमीच्याच होत्या. तलाव मोठा करा, रेन डान्स ठेवा, वायफाय द्या, झिपलाइन बसवा. हे साहजिक आहे. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले तेव्हा अशा करमणुकीचे आपल्याकडे अप्रूप होते. एप्रिल २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि थीम पार्क पुण्या-मुंबईच्या मध्येच येऊन बसले. आता मुले प्रत्येक मुक्कामाला त्याच मापाने मोजतात. तिथे असे पाळणे होते, इथे का नाहीत?

पण त्याच पानांवर बारीक अक्षरात दुसरेही काही होते. बहुधा घरातल्या बायकांनी लिहिलेले. "आईंना खाली बसता येत नाही, एका खोलीत तरी कमोड हवा." "सासऱ्यांना बिनसाखरेचा चहा मागावा लागला, दोनदा गोडच आला." "जेवण छान, पण तीन वाजले." "इन्सुलिन ठेवायला फ्रीज मिळाला असता तर बरे झाले असते." "पायऱ्यांवर रात्री दिवा नाही." तीन वेगवेगळ्या कुटुंबांनी तीन वेगवेगळ्या महिन्यांत न्हाणीघर निसरडे असल्याचे लिहिले होते. म्हणजे आजी पडण्यापूर्वीच ते लिहून झालेले होते. शेवटी सगळ्यांनीच "एकंदरीत उत्तम व्यवस्था" असे लिहिल्यामुळे मालकांच्या डोळ्यांना तेवढेच दिसले.

वाचकहो, भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, या आपल्या भागात तोरणा, राजगड, रायरेश्वर पाहायला आणि पानशेत-भाटघरच्या पाण्याकाठी राहायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. गावोगावी कृषी पर्यटन केंद्रे निघाली आहेत. चार घरांना त्यातून रोजगार मिळतो, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच त्या वहीतल्या बारीक अक्षरांकडे आज डॉक्टरच्या नजरेने पाहू.

न्हाणीघर

म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात, स्त्रियांची विशेष. नजर कमी झालेली असते, रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना चक्कर येते, आणि परक्या जागी अंधारात दाराचा अंदाज चुकतो. खुब्याचे हाड मोडले की शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. माणूस अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या असे एकामागून एक विकार मागे लागतात.

हे टाळायला फार खर्च येत नाही. खडबडीत फरशी, कमोडच्या आणि नळाच्या शेजारी भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी दांडा, उंबऱ्याऐवजी छोटा उतार आणि वीज गेली तरी जळणारा एक बॅटरीचा दिवा. सहापैकी दोन खोल्या अशा केल्या आणि त्या तळमजल्यावर असल्या तरी पुष्कळ झाले.

न्हाणीघरातली दुसरी गोष्ट गॅस गिझरची. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळ करणाऱ्याला डोके जड वाटते, गरगरते आणि तो तिथेच कोसळतो. गिझर खोलीबाहेर मोकळ्या हवेत बसवावा. न्हाणीघराला कायम उघडी राहणारी झरोक्याची जागा हवीच. पाहुण्यांनीही आधी बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच अंघोळीला बसावे.

पाणी: पिण्याचे आणि पोहण्याचे

रिसॉर्टवरून परतल्यावर सोमवारी जुलाब-उलट्या घेऊन येणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. दोष मटणाला दिला जातो, पण पुष्कळदा गुन्हेगार पाणी आणि बर्फ असतात. पिण्याच्या टाकीला झाकण हवे, ती ठराविक दिवसांनी घासली पाहिजे आणि पाण्यात क्लोरिन असल्याची खात्री रोज केली पाहिजे. दूषित पाण्यातून गॅस्ट्रोच नव्हे तर कावीळ आणि विषमज्वरही होतो, आणि ते दोन-चार आठवड्यांनी उमटत असल्याने कुठे लागण झाली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पोहण्याच्या तलावाचे शास्त्र वेगळे आहे. तिथे दर दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग मोकळे क्लोरिन लागते आणि पाण्याची आम्लता मोजणारा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा लागतो. हे तपासण्याची साधी पेटी बाजारात मिळते. डोळे चुरचुरतात आणि क्लोरिनचा उग्र वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ, हा गैरसमज आहे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाला की तसा वास येतो. म्हणून तलावात उतरण्यापूर्वी अंघोळ सक्तीची करावी.

धरणाच्या पाण्याबद्दल तर हात जोडून सांगतो. मे २०२२ मध्ये भाटघरच्या पाण्यात एकाच नात्यातल्या पाच स्त्रिया बुडून गेल्या. काठ उथळ दिसतो, पण खाली गाळ असतो आणि पुढच्याच पावलाला खोल उतार लागू शकतो. पाण्याकाठी मुक्काम देणाऱ्याने मराठीत ठळक पाटी, हवा भरलेली ट्यूब, लांब दोर आणि पोहता येणारा एक माणूस ठेवलाच पाहिजे.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मध्यभागी दाब द्यावेत. ३० दाब आणि २ श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत थांबवू नये. हे प्रशिक्षण एका दिवसात घेता येते. प्रत्येक रिसॉर्टवरच्या किमान दोघांनी ते घ्यावे.

पाळणे आणि झिपलाइन

मोठ्या थीम पार्कमध्ये पाळण्यापाशी पाटी असते. अमुक उंचीपेक्षा लहान मुलांनी बसू नये, गरोदर स्त्रिया, हृदयरोगी, मानेचा किंवा पाठीचा विकार असलेल्यांनी टाळावे. आपल्याकडच्या झिपलाइनपाशी आणि दोरीच्या झोपाळ्यापाशी अशी पाटी मला क्वचितच दिसली. मोठ्यांकडून पाळणे उचलण्याआधी ही पाटी उचलावी. तिला रंगाचा एक डबा पुरतो.

ताट आणि घड्याळ

मधुमेही माणसाने सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण तीन वाजता आले, तर रक्तातली साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, चिडचिड, मग बेशुद्धी. नातेवाइकांना वाटते, ऊन लागले. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी आणि मागोमाग खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

मालकांनी एवढेच करावे. जेवणाची वेळ सांगावी आणि पाळावी. बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटलीत ठेवावा. तर्रीच्या मटणाबरोबर एखादी कमी तेलाची, कमी मिठाची भाजी असावी. नाचणीची भाकरी आणि ताक आपल्या घरचेच आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये त्यासाठी एक झाकणाचा डबा ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

रात्री दोन वाजता

माझ्या मते कोणत्याही मुक्कामाची खरी परीक्षा रात्री दोन वाजता होते. त्या वेळी कोण जागे आहे? गाडी निघण्यासारखी उभी आहे का? १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, पण तो फोन कोणत्या कोपऱ्यातून लागतो हे कोणाला ठाऊक आहे का?

आपल्या डोंगरात साप-विंचू आहेतच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणताही चावला तर आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. हातपाय न हलवता रुग्णाला झोपवून रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरची लस तयार आहे का, हे भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात मालकांनी हंगामापूर्वीच विचारून ठेवावे. लाल विंचवाचे विष हृदयावर घात करते. त्यावर प्राझोसिन हे साधे औषध उपयोगी पडते, हे वरंधा घाटापलीकडच्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगाला दाखवून दिले. मात्र ते औषध डॉक्टरकडूनच घ्यायचे. म्हणून इथेही प्रश्न वेळेत पोहोचण्याचाच.

प्रत्येक खोलीत दारामागे एक कागद चिकटवावा. १०८, जवळच्या डॉक्टरचा आणि रुग्णालयाचा क्रमांक, रस्त्याचा साधा नकाशा आणि रात्री जागणाऱ्या माणसाचे नाव. एका पेटीत क्षारसंजीवनीची पाकिटे, तापाच्या गोळ्या, थर्मामीटर, पट्ट्या, रक्तदाबाचे आणि साखर मोजण्याचे यंत्र ठेवावे. फाटकापुढची जागा रात्री मोकळी ठेवावी.

पाहुण्यांना दोन शब्द

सगळा भार मालकावर टाकून चालणार नाही. खोली ठरवतानाच विचारा, कमोड आहे का, पायऱ्या किती, जेवण किती वाजता, रात्री गाडी मिळेल का. नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची घ्या आणि चिठ्ठी बरोबर ठेवा. आणि अभिप्राय लिहिताना संकोच करू नका. "एकंदरीत उत्तम" लिहून आपण मालकाचे मन राखतो, पण पुढच्या आजींचे हाड राखत नाही.

वही परत देताना मी निसरड्या न्हाणीघराच्या त्या तीन ओळींखाली लाल पेनने रेघा मारल्या. मालक बराच वेळ त्या ओळी पाहत राहिले. मग म्हणाले, "वाचलं होतं हो. पण मला वाटलं, हे काय, किरकोळ आहे."

दिवाळीच्या सुमारास मी त्या वाटेने गेलो असता मुद्दाम थांबलो. तलाव तेवढाच होता, रेन डान्स आलेला नव्हता. पण तळमजल्याच्या दोन न्हाणीघरांत नवे दांडे बसले होते आणि पायरीपायरीला दिवा होता. एक वृद्ध गृहस्थ तो दांडा धरून सावकाश बाहेर येत होते. त्यांचे तिकडे लक्षही नव्हते. चांगली सोय अशीच असते, ती वापरताना जाणवतही नाही.