इंधन-अंतःक्षेपणातील दाब-स्पंदने आणि त्यांचे शमन

पंपापासून नोझलपर्यंतच्या बंदिस्त मार्गात इंधनाच्या दाबात जे अतिजलद चढउतार होतात, त्यांना दाब-स्पंदने म्हणतात. ही स्पंदने डोळ्यांना दिसत नाहीत. तरीही इंजिनाचा धूर, आवाज, इंधनाचा खप आणि नोझलचे आयुष्य या चारही गोष्टींवर त्यांचा परिणाम होतो. म्हणूनच त्यांचे शमन हा अंतःक्षेपण-तंत्राचा एक मुख्य विषय आहे.

या स्पंदनांचे मूळ द्रवाच्या जडत्वात आहे. वाहता द्रव एकाएकी अडवला की त्याची गती दाबात रूपांतरित होते आणि तो दाब तरंगाच्या रूपाने नळीतून उलट दिशेने धावतो. घरातला नळ झटक्याने बंद केल्यावर भिंतीतली नळी दणकते, त्यामागेही हीच क्रिया असते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवरील प्रयोगांतून १८९८ साली तिचा नियम मांडला. द्रवाची घनता, त्यातील ध्वनीचा वेग आणि प्रवाहाच्या वेगातील बदल यांचा गुणाकार केला की दाबातील वाढ मिळते. डिझेलची घनता दर घनमीटरला सुमारे ८३० किलोग्रॅम आणि त्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४०० मीटर धरला, तर सेकंदाला १० मीटर वेगाने वाहणारा प्रवाह अचानक थांबल्यास दाब सुमारे ११५ बारने वाढतो.

उगमानुसार या स्पंदनांचे दोन वर्ग पडतात. पंपाचा दट्ट्या इंधन सलगपणे न ढकलता टप्प्याटप्प्याने ढकलतो. त्यातून उद्भवणारी स्पंदने पंपजन्य होत. अंतःक्षेपकातील, म्हणजे इंजेक्टरमधील सुई उघडताना आणि मिटताना जी निर्माण होतात, ती अंतःक्षेपकजन्य होत. यंत्रणेनुसार त्यांची तीव्रताही बदलते. पेट्रोल इंजिनाच्या साध्या यंत्रणेत दाब तीन-चार बार असतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या यंत्रणेत तो २०० ते ३५० बार असतो, तर आधुनिक डिझेल यंत्रणेत २,००० बारच्याही पुढे जातो.

दुष्परिणामांत पहिला म्हणजे दुबार अंतःक्षेपण. परतलेला तरंग मिटलेली सुई क्षणभर पुन्हा उचलतो, थोडे इंधन अवेळी सिलिंडरमध्ये पडते आणि ते नीट न जळता काळ्या धुराच्या रूपाने बाहेर येते. दुसरा म्हणजे पोकळीभवन. दाब फार खाली गेला की इंधनात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना धातूचा पृष्ठभाग कुरतडला जातो. तिसरा म्हणजे मात्रेतील चूक. ३० सेंटीमीटर लांबीच्या नळीत तरंगाला जाऊन परत येण्यास सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ३,००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट तेवढ्या वेळात जवळजवळ आठ अंश फिरतो. तेव्हा आधीच्या फवाऱ्याचा तरंग पुढच्या फवाऱ्याच्या ऐन वेळी येऊन पोहोचतो आणि इंधन कमी-अधिक पडते.

शमनाचा सर्वांत जुना उपाय पंपातच आहे. बॉश कंपनीने १९२७ साली डिझेल-पंपांचे नियमित उत्पादन सुरू केले. अशा पंपांच्या निर्गम-झडपेवर, म्हणजे डिलिव्हरी व्हॉल्व्हवर, एक छोटी कडी असते. झडप बसताना ही कडी नळीतले थोडे इंधन मागे ओढून घेते. त्यामुळे नळीतला दाब झटकन उतरतो आणि सुई पुन्हा उचलली जात नाही.

दुसरा उपाय साठवण-आकारमानाचा आहे. १९९५ साली जपानी ट्रकमध्ये आणि १९९७ साली अल्फा रोमियो १५६ या मोटारीत आलेल्या कॉमन रेल यंत्रणेत सर्व अंतःक्षेपकांना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, इंधन मिळते. ही नळी दाबाचे चढउतार स्वतःत सामावून घेते. मात्र ती फार मोठी केली तर इंजिन सुरू करताना दाब चढायला उशीर लागतो. म्हणून आकारमान बेताचे ठेवून रेलच्या प्रत्येक मुखाशी अरुंद छिद्र ठेवतात. त्यातून जाताना तरंगाची ऊर्जा घर्षणात खर्ची पडते. पेट्रोल यंत्रणेत पातळ धातूच्या पडद्यांचे शामक, म्हणजे डॅम्पर बसवतात किंवा रेलच्याच भिंती सपाट आणि लवचिक करतात. यांपैकी कोणत्याही उपायाने न शमणारा अवशेष नियंत्रण-संगणक गणिताने भरून काढतो. आधीच्या फवाऱ्यापासून किती वेळ गेला आणि रेलमध्ये दाब किती आहे, हे पाहून तो पुढचा फवारा किती वेळ चालू ठेवायचा ते ठरवतो.

या विद्येशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ सालची, तर मोटारींच्या चाचण्या करणारी पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ सालची. बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि अंतःक्षेपक तयार होतात. २००८ साली या भारतीय कंपनीचे नाव बॉश झाले, तरी मायको हे तिचे जुने नाव नाशिकच्या मायको सर्कलने जपले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुरासाठीची बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर आली. एका आवर्तनात अनेक छोटे फवारे अचूक मात्रेत सोडल्याखेरीज अशी मर्यादा पाळणे कठीण असते आणि ती अचूकता स्पंदनांच्या शमनावरच अवलंबून असते.

शेतातले इंजिन असो, ट्रॅक्टर असो वा ट्रक, वाचकांनी एक गोष्ट अवश्य पाळावी. पंप ते नोझलच्या नळ्यांची लांबी आणि आतला व्यास तरंगाचा हिशोब करूनच ठरवलेला असतो. सिलिंडर जवळ असूनही एखादी नळी वळसा घालून नेलेली दिसते, तीही सर्व नळ्यांची लांबी सारखी राहावी म्हणून. नळी बदलावी लागली, तर मूळ मापाचीच बसवावी.