लाईन कुठली गेली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘लाईन गेली!’ अशी हाक नालवाडीत आली की घरातला माणूस आधी पंख्याकडे बघतो. पुण्याकडचा पाहुणा असेल तर तो विचारतो, ‘कुठली लाईन? गेली कुठे?’ त्याच्याकडे ‘लाईट’ जाते, आमच्या विदर्भात ‘लाईन’ जाते. वीज तीच, अंधारही तोच. विजेला नुसतं ‘लाईन’ म्हणायचं हे खुद्द इंग्रजांनाही सुचलं नव्हतं.

वर्धा शहराला लागून असलेल्या या गावात सकाळच्या दोन तासांत हा शब्द किती अर्थांनी कानावर पडतो, ते मी एकदा मोजत बसलो. रेशन दुकानासमोर ‘लाईनीत या’. बांधकामावर गवंडी म्हणतो, ‘लाईनदोरी ताण’. नळाची लाईन फुटलेली. बारावीनंतर पोराने कोणती लाईन घेतली, ही चौकशी. वर्ध्याहून कळंबला २०२४ साली रेल्वेची नवी लाईन सुरू झाली, तिची चर्चा. पोलीस लाईन आणि सिव्हिल लाईन तर पत्त्यातच आहेत. फौजेचे तंबू किंवा बराकी ओळीने असत, त्या ‘लाईन्स’. मुलकी साहेबांचे बंगले झाले, त्या वस्तीला सिव्हिल लाईन्स म्हणू लागले. चौकातली पोरं ‘लाईन मारतात’ ती निराळी. तिच्यावर आज बोलत नाही.

इतके अर्थ एका शब्दात मावले कसे? त्याचं मूळ आपल्या शेतात सापडतं. रब्बीत निळ्या फुलांनी डुलणारं जवस आपण पाहिलेलं आहे. आपण त्याचं तेल काढतो, चटणी करतो. युरोपात त्याच झाडाच्या खोडातून धागा काढत. जवसाला लॅटिनमध्ये ‘लीनम’ म्हणतात आणि त्या धाग्याला ‘लीनिया’. लिननचं कापड त्यातूनच आलं, कोटाच्या आतलं ‘लायनिंग’ही त्यातूनच, आणि ‘लाईन’ही. म्हणजे लाईन मुळात सूत आहे. ताणलेलं सूत सरळ असतं, म्हणून सरळ रेघ ही लाईन झाली. मग कागदावरची ओळ, माणसांची रांग, आगगाडीचा रूळ, तारायंत्राची तार, टेलिफोनची जोडणी, माणसाचा धंदा.

आता आपल्या ‘सुता’कडे पाहा. तेही थेट याच वाटेने चाललं आहे. सरळ माणूस सुतासारखा सरळ. दोघांचं पटलं की सूत जुळतं. सुताराच्या नावातच सूत आहे, आणि त्याच्या मापातही : फळी ‘दोन सूत’ कमी पडली म्हणजे पाव इंच कमी पडली. ग्रंथातलं सूत्र, नाटकातला सूत्रधार, सगळी त्याच धाग्याची मंडळी. दोन भाषा एकमेकींना न विचारता इतक्या जवळून चालल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नालवाडीने तर हे सूत हातात धरलेलं. विनोबा १९३२च्या अखेरीस इथे राहायला आले. टकळीवर सूत कातून त्याच्या मजुरीत माणूस जगू शकतो का, याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. १९३४ साली इथे ग्रामसेवा मंडळ सुरू झालं. चार फुटांचा एक तार, अशा ६४० तारांची एक गुंडी, हा कातणाऱ्यांचा हिशेब. विजेच्या लाईनीलाही आपण ‘तार’च म्हणतो, हे लक्षात घ्या.

सरकारी मराठीने लाईनीसाठी वेगवेगळे शब्द केले : जलवाहिनी, वीजवाहिनी, लोहमार्ग, दारिद्र्यरेषा. छापायला बरे आहेत. पण नुसती ‘वाहिनी बंद’ म्हटली, तर पाणी गेलं, वीज गेली की टीव्हीचा कार्यक्रम गेला? घोटाळा तिथेच राहतो.

गप्पांमध्ये असा घोटाळा झाला तर हसून सोडता येतं. खांबावर चढलेल्या लाईनमनला ती सोय नाही. ‘लाईन बंद केली’ हे तीन शब्द त्याला पुरत नाहीत. कुठली? गावठाण फिडर बंद झाला आणि शेजारून जाणारा शेतीचा चालूच असला, तर? शिवाय कुणाच्या घरचं जनरेटर चुकीचं जोडलेलं असेल, तर बंद तारेत मागून करंट येतो.

रेल्वेने हा धोका फार आधी ओळखला. ब्लॉक पद्धतीत पुढच्या स्टेशनाने ‘लाईन क्लिअर’ दिल्याखेरीज स्टेशनमास्तर गाडी सोडत नाही. विजेच्या कामातही तोच शब्द आहे. उपकेंद्रातून लाईन क्लिअर घेताना फिडरचं नाव सांगायचं, समोरच्याने ते पुन्हा म्हणायचं, वहीत वेळ लिहायची. एवढं करूनही तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा, मग अर्थिंगचा रॉड अडकवायचा. शब्दावर भिस्त ठेवायची नाही, हा त्या कामाचा पहिला नियम आहे.

तो हे सगळं करत असतो तेव्हा त्याच्या खिशातला फोन वाजत असतो. पलीकडून कुणीतरी विचारतं, ‘भाऊ, लाईन कधी येते?’