पावसाळा आहे, दुखणारच?

भातसा नदीचं पाणी गढूळ झालं की खडवलीच्या आसपास भातलावणीची घाई सुरू होते. राबातलं आवण खणायचं, मुठी बांधायच्या आणि मग वाकून, चिमटीत धरलेली रोपं दिवसभर चिखलात खोचत जायची. हे काम चालतं बोटांच्या मुळांवर आणि मनगटांवर, आणि आमवात बहुधा तेच सांधे आधी धरतो. स्टेशनावरही तीच परीक्षा असते. कसाऱ्याकडून भरून आलेल्या सकाळच्या लोकलमध्ये चढताना दांडी घट्ट पकडावी लागते, आणि आमवात असलेल्या बाईची मूठ त्या वेळी नीट मिटतच नसते.

आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वयोमानानं गुडघे झिजतात तो आजार वेगळा. इथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, आणि सूज मुक्कामाला राहिली तर कूर्चा आणि हाड पोखरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता, आणि त्यांत ७० टक्के स्त्रिया होत्या. आपल्याकडे पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली. तिथे दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवात आढळला. शेतात राबणाऱ्या गावातला हा आकडा आहे.

आभाळ भरून आलं की सांधे आधी कळवतात, असं रुग्ण सांगतात. ते खरं आहे का? १९९६ साली रेडेलमायर आणि त्वेर्स्की या संशोधकांनी आमवाताच्या १८ रुग्णांवर १५ महिने नजर ठेवली. दुखणं आणि हवामान यांचा मेळ काही बसला नाही. पुढे मँचेस्टर विद्यापीठाच्या विल डिक्सन यांनी मोबाइलवर रोजच्या वेदनांची नोंद करवून घेतली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २,६५८ जण होते. दमट हवा, जोराचा वारा आणि हवेचा कमी दाब असलेल्या दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता जास्त निघाली. फरक मोठा नव्हता, पण होता. हा अभ्यास ब्रिटनच्या थंड ओलीतला आहे, आपला आषाढ उबदार आणि घामट. तरी दमटपणा आणि कमी दाब हे दोन्ही आपल्याकडे जुलैत मुबलक असतात. म्हणून रुग्णाच्या म्हणण्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पण वेदना वाढणं वेगळं आणि रोग वाढणं वेगळं. सांधा पोखरते ती आतली सूज. पाऊस सांधा पोखरत नाही. ‘पावसाळा आहे, दुखणारच, दिवाळीपर्यंत उतरेल’ असं घरच्यांनी म्हणायचं, बाईनंही मान डोलवायची, आणि त्यात औषध सुरू करण्याचे सगळ्यात मोलाचे पहिले काही महिने निघून जायचे, याचं मला फार वाईट वाटतं. सकाळी हात अर्धा-पाऊण तास आखडलेले राहतात, दोन्ही हातांची बोटं सुजतात आणि सहा आठवडे उलटले तरी ओसरत नाहीत, तर हवामानाकडे बोट दाखवणं थांबवून रक्त तपासून घ्यावं. याच दिवसांत डासांमुळे चिकुनगुन्याही येतो आणि त्यातही सांधे असेच धरतात. निदान डॉक्टरांकडूनच व्हायला हवं. परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत लोकलनं जाता येतं आणि तिथे संधिवाताची बाह्यरुग्ण सेवा आहे.

आठवडी बाजारातली पुडी मात्र घेऊ नये. अशा बिननावाच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत हात मोकळे होतात, बाई पुन्हा लावणीला उभी राहते, आणि पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

पावसाळ्यातलं काम थोडं वळवता येतं. मुठी बांधण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं, ओले कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवावेत, सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून बोटं हळूहळू हलवावीत. नोकरदार बाईला एक तास उशिरा येण्याची सवलत मिळाली तर आखडलेपणाचा वेळ गाडीच्या गर्दीत जात नाही. ही मागणी साहेबांकडे बेधडक करावी. दुखणं बाहेरून दिसत नाही म्हणून तिला आळशी ठरवू नये.

आमवातात बऱ्याचदा मेथोट्रेक्झेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण ती गर्भाला घातक आहे. या गोळीनं प्रतिकारशक्ती काहीशी दबते. चिखलाच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून पायाला जखम असताना शेतात उतरू नये. ताप आला तर दवाखान्यात गेल्या गेल्या ही गोळी चालू असल्याचं सांगावं, आणि पुढची गोळी घ्यायची की थांबायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.