महागडं क्वार्ट्झ: पैसे कशाचे?

• सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की उरतो १; म्हणून काटा सेकंदाला एकदाच टिचकन पुढे सरकतो. यांत्रिक घड्याळात स्प्रिंग आणि बॅलन्स व्हील. काटा सेकंदाला बहुधा ६ ते ८ बारीक टप्पे घेतो.

• बाजारात आलेलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ: सेइको ॲस्ट्रॉन, टोकियो, २५ डिसेंबर १९६९. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे स्वस्त मुळीच नव्हतं.

• मागे-पुढे होण्याची मर्यादा: साधं क्वार्ट्झ महिन्याला सुमारे १५ सेकंद. ग्रँड सेइकोच्या महागड्या क्वार्ट्झ घड्याळांतलं ९एफ हे यंत्र वर्षाला १०. ते दिवसातून ५४० वेळा तापमान मोजून चाल सुधारतं. सिटिझनचं कॅलिबर ०१०० (२०१९) हे क्वार्ट्झ यंत्र वर्षाला १. स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्रासाठी यांत्रिक घड्याळाला सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा.

• सेल दर दोन-तीन वर्षांनी. यांत्रिक घड्याळाला ठरावीक वर्षांनी तेल-सफाई.