पोटखराब्यातील शिकारी

खारघरच्या डोंगराकडे पावसाळ्यात जाणाऱ्यांची नजर पांडवकड्याच्या धबधब्यावर खिळलेली असते. पायांखालच्या ओल्या कातळाकडे सहसा कोणी पाहत नाही. भाद्रपदात अशाच कातळावर, बोटभर मातीत, निळीजांभळी इवली फुले उमलतात. लोकांनी त्यांना ‘सीतेची आसवे’ म्हटले. नाव हळवे असले तरी वनस्पती शिकारी आहे. तिच्या मुळाशी, चिखलात, मोहरीहूनही लहान पिशव्या असतात. आतले पाणी उपसून पिशवी ताणलेली राहते आणि दाराशी असलेल्या केसाला एखाद्या सूक्ष्म जिवाचा स्पर्श होताच तो पाण्यासकट आत ओढला जातो. या क्रियेस सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही! ‘दवबिंदू’ ही दुसरी वनस्पती पानांवरील चिकट थेंबांनी कीटक धरते. तिच्याच जातकुळीवर प्रामुख्याने भर देऊन चार्ल्स डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला.

हा खटाटोप कशासाठी? कातळावरील मातीत नत्र अत्यल्प असते. ते कीटकांपासून मिळवावे लागते. माती सुपीक झाली की गवत माजते आणि या वनस्पती हटतात. जमिनीचे दारिद्र्य हेच त्यांचे भांडवल होय.

आपल्या जमाखर्चात मात्र या भांडवलाला रकाना नाही. लागवडीस अयोग्य जमीन सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ ठरते. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही उघड्या खडकाळ भूमीचा वर्ग आहे. पडीक म्हटले की ती उपयोगात आणणे ओघानेच आले. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहिली आणि पारसिकच्या डोंगरात दगडखाणी चालल्या. त्याहून फसवे संकट सद्भावनेचे आहे. उघड्या माळावर खड्डे खणून, बाहेरची माती व शेणखत घालून रोपे लावली जातात, आणि छायाचित्रेही निघतात. खाणवाला निदान आपल्या कामास निसर्गसेवा म्हणत नाही.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर हीच आसवे पाहण्यास लोक शुल्क भरून जातात. पश्चिम घाटासह ते पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. खारघरच्या कातळास असे कवच नाही. त्यामुळे तेथे खड्डा खणण्यापूर्वी पाहणी व्हावी आणि ती भाद्रपदात व्हावी. ही झाडे एका हंगामाची असतात; वैशाखात गेलेल्या अधिकाऱ्यास तेथे तापलेल्या दगडाखेरीज काही दिसणार नाही, आणि अहवालात तो ‘वनस्पती आढळली नाही’ असेच प्रामाणिकपणे लिहील.