तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला मुलूख

‘अ‍ॅटलास ऑफ इंडिया’ ही एकोणिसाव्या शतकातली नकाशामाला तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली होती. तिचे पहिले तक्ते १८२७ साली निघाले. मोजणी हिंदुस्थानात व्हायची, कोरीवकाम मात्र लंडनमध्ये जॉन वॉकर यांच्याकडे. प्रमाण एका इंचाला चार मैल. या मापाने हिंगणा ते नागपूर हे अंतर जेमतेम अडीच इंच भरते आणि हिंगणघाट हिंगण्यापासून सुमारे नऊ इंचांवर येते.

हिंगणघाटाचे नाव या नकाशांमागच्या मोजणीशी कायमचे जोडलेले आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत ते उत्तरेला सरकत राहिले. त्यांचे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, सुमारे अर्ध्या टनाचे. त्याचे आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाट येथे लॅम्बटन वारले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतले. आज हिमालयातल्या शिखरामुळे एव्हरेस्ट हे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते; वीस वर्षे रानोमाळ मोजणी करणाऱ्या लॅम्बटन यांच्या वाट्याला तेवढी ओळख आली नाही, हे खटकते.

मोजणीची आकडेमोड झाली की हाताने नकाशा काढत आणि तो पत्र्यावर उलटा उतरवून घेत. कारागीर पोलादी कोरणी पुढे ढकलत नेई. तांब्याची बारीक सळ वर येई, ती खरवडून टाकावी लागे. गावांची नावेही उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखी कोरायची. डोंगर दाखवायला उताराच्या दिशेने शेकडो बारीक रेघा. चढ उभा असेल तिथे त्या दाट आणि जाड. मग पत्र्याला शाई चोळायची, वरची पुसून घ्यायची, म्हणजे ती फक्त चरांत उरते. ओलसर कागद ठेवून दाब दिला की चरांतली शाई कागदावर उमटते. या छपाईत एक अडचण होती: कागद वाळताना किंचित आकसतो, म्हणून अशा तक्त्यावर पट्टी लावून काढलेले अंतर थोडे चुकते.

तांबे मऊ असल्याने दुरुस्ती शक्य होती. नागपूरला १८६७ मध्ये रेल्वे आली. असा नवा मार्ग जुन्या पत्र्यावर चढवताना आड येणाऱ्या रेघा खरवडायच्या, खळगा पडला की मागून हातोडीने ठोकून पृष्ठभाग सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचे. १८६८ पासून हे कोरीवकाम कलकत्त्यात होऊ लागले. त्यासाठी कारागीर इंग्लंडहून आणले होते.

त्याच शतकात स्कॉटलंडमधल्या गिरणीगावांचे नकाशे किती बारकाईने निघत होते, हे पाहिले की फरक कळतो. जॉन वुड यांच्या नगरनकाशांत मालकांची नावे जागेवरच लिहिलेली आहेत. पुढे ऑर्डनन्स सर्व्हेने चार हजारांवर वस्तीची गावे १:५०० प्रमाणात काढली. त्यांत रस्त्यावरचे दिव्याचे खांबही दिसतात. त्या मापाने हिंगणा-नागपूर अंतराला तीस मीटर कागद लागला असता.

अ‍ॅटलासमध्ये अशा तपशिलाला जागाच नव्हती. पुढे छायाचित्रावरून जस्ताच्या पत्र्यावर नकाशा उतरवण्याची, म्हणजे फोटोझिंकोची, स्वस्त आणि जलद रीत आली. पुण्याच्या शासकीय छापखान्याच्या नावात तो शब्द अजून आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅटलासचे काम अपुरेच थांबले आणि त्याची जागा नव्या तक्त्यांनी घेतली.